साळूची डोण

कान लावायचा असेल तर लावा, पण झाकणाला हात नको. ही घोंगडीत गुंडाळलेली लाकडी डोण दिसते ना, गुरांना पाणी पाजायला कोरतात तसली, तिला साळूची डोण म्हणतात. आत सातेरी जातीच्या मधमाश्या आहेत. वरून आडव्या काठ्या मांडल्यात, एकेका काठीला एकेक पोळं लोंबतं, त्यावर झाकण, आणि सगळे सांधे शेणामातीनं लिंपलेले. थंडी पडायच्या आधी लिंपलं की पांगारा फुलेपर्यंत आमच्या वाडीत कुणी डोण उघडत नाही. मग आत माश्या जित्या आहेत हे कळतं कसं, असं पाहुणे हमखास विचारतात. बसा त्या दगडावर, सांगतो. मफलर तेवढा कानावर घ्या, वारा लई वाईट आहे इथला.

फार मागची गोष्ट सांगतात. तेव्हा दिवाळी झाली की सगळी वाडी गुरं घेऊन खाली नदीकाठी उतरायची. वर चारा उरायचा नाही आणि थंडी माणसाला टिकू द्यायची नाही. त्या साली कारवी फुलली होती. सात वर्षांनी एकदा फुलते ती, आणि फुलली की मधाला अंत नसतो. लोकांनीही हात धुऊन घेतले. दारोदारच्या डोणी खरवडून काढल्या, शेवटचं पोळंसुद्धा ठेवलं नाही. उपाशी कोण राहील हो? माश्या एकेक डोण सोडून निघून गेल्या. राहिली ती एकट्या साळूची. तिचा नवरा बयाजी श्रावणात तापानं गेला होता, म्हणून त्या घरात कुणी पोळ्याला सुरी लावली नव्हती.

डोणीत माशी वसवायची विद्याच मुळी बयाजीची. त्याच्या आधी लोक रानात मशाली घेऊन जायचे आणि माशीसकट पोळं जाळायचे. साळूला मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या हातचं जितंजागतं म्हणावं असं तिच्यापाशी एवढंच उरलं होतं.

थोरला दीर राघू वाडीचा कारभारी. त्यानं तिला परोपरीनं सांगितलं, की चल खाली, माश्यांचं काय, जगतील नाहीतर मरतील. साळू पदर सावरून म्हणाली, "ह्यांनी मागं ठेवलेलं एवढंच हाय, भावजी. मी न्हाई येत." राघू म्हणाला, मर्जी तुझी. नाचणीचं गाडगं, सरपण आणि बयाजीची घोंगडी तिच्यापाशी ठेवून वाडी उतरली. शेवटच्या म्हशीची घंटा ऐकू यायची थांबली, तेव्हा कुठं साळूला कळलं आपण काय करून बसलो ते. मागं हाक मारायलाही चिटपाखरू नव्हतं.

मग ती डोणीशी बोलायला लागली. आज भाकरी करपली, आज वारा फिरला, असलंच काहीबाही. आतनं गुणगुण यायची, तिला वाटायचं हुंकार देतात. दिवस कसातरी जायचा. पण मार्गशीर्षात फुलं सरली, पहाटेचं दहिवर गवतावर गोठून मीठ सांडल्यासारखं दिसायला लागलं, आणि डोण मुकी झाली. साळूनं हाका मारल्या, थोपटून पाहिलं. उत्तर नाही. तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. शेवटी तिनं झाकण काढलं, काठ्या उचलून उचलून पाहिल्या. पाहते तर मधल्या पोळ्यावर माश्या एकमेकींना बिलगून भोपळ्याएवढा गोळा करून बसलेल्या. जित्या होत्या! ती ओक्साबोक्शी रडली म्हणे, सुखानं.

तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा राहवलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रोज उघडायची, बघायची, दोन शब्द बोलायची. आतली ऊब रोज उडून जायची, आणि काठ्या कुठल्या कुठं परत ठेवल्या जायच्या. एके सकाळी बघते तर भोपळ्याचा नारळ झालेला. खाली माश्यांचा सडा, आणि कितीक माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून तशाच मेलेल्या. मधाचं पोळं तर भरलेलं होतं, पण तिच्याच हातानं ते डोणीच्या पार टोकाला गेलं होतं. कडाक्याच्या थंडीत माशी रिकामं पोळं ओलांडत नाही. मध वीतभरावर असला तरी उपाशी मरते.

दोष थंडीचा नव्हता, भुकेचाही नाही. आपल्याला करमत नाही म्हणून आपण यांना मारतोय, हे साळूला लख्ख कळलं. तिनं ऊन वर यायची वाट पाहिली, मधाचं पोळं उचलून गोळ्याला अगदी लागून ठेवलं, झाकण घातलं, सांधे शेणामातीनं लिंपले आणि अंगावरची घोंगडी सोडून डोणीला गुंडाळली. मग डोंगराकडे तोंड करून तिनं नेम बोलून टाकला, की पांगारा फुलेपर्यंत झाकणाला हात लावणार नाही, आणि ह्या माश्या पहिल्यासारख्या गुणगुणून बोलल्याशिवाय मीही बोलणार नाही. कारण बोललं की उत्तराची आस लागते, आणि आस लागली की हात झाकणाकडे जातो.

त्या दिवसापासून रोज सकाळी ती डोणीवर बोटाच्या पेरानं एकदाच टकटक करायची आणि कान लावायची. आतनं बारीकशी सळसळ यायची, वाळक्या पानावरनं हात फिरवावा तशी, आणि लगेच विरायची. तेवढ्यावर दिवस काढायचा. वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, डोणीला आडोसा देऊन ती बसून राहायची. आपला आवाज कसा होता हेसुद्धा ती विसरत चालली होती, असं सांगतात.

संक्रांतीच्या दिवशी राघू वर आला. आला तो चुकलेली म्हैस शोधत, साळूसाठी नाही. बायकोनं तिळगुळाची पुडी दिली म्हणून कमरेला होती. साळू डोणीला कान लावून बसलेली, ओठ फुटलेले, अंग काळंनिळं. त्याला वाटलं संपली. तेवढ्यात तिनं डोळे उघडले, त्याचा हात धरून बसवलं आणि त्याचं डोकं डोणीवर टेकवलं. टकटक केली. आज ऊन चांगलं होतं, आतनं भरघोस गुणगुण आली. राघूचा आनंद मावेना. माशी जगली, वाडीची माशी जगली, असं म्हणत तो पुडी सोडायला लागला.

माशी बोलली होती, साळूचा न बोलण्याचा नेम फिटला होता. ती दिराच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "म्हशीला हुडकत आलासा, भावजी. माशीला मी कान लावून बसले. मला कुणी लावला?"

राघूच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. त्यानं आपली घोंगडी काढून तिच्या खांद्यावर टाकली आणि खाली धावला. म्हैस गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी बायकामाणसांसकट चार घरं वर राहायला आली. फाल्गुनात पांगारा फुलला, डोण घुमायला लागली, चैत्रात त्याच एका मोहोळातनं वाडीच्या रिकाम्या डोणी पुन्हा वसल्या. तेव्हापासून इथं कुणी शेवटची दोन पोळी काढत नाही.

ती डोण कधीच कुजली, ही तिची कितवी नात कोण जाणे. जागा मात्र तीच. आजही संक्रांतीच्या सकाळी वाडी मुक्यानं इथं येते. एकेकजण टकटक करतो, कान लावतो, आतनं हुंकार आला की पुढं सरकतो. तिथनं सगळे जातात ते एकट्या माणसांच्या दारी. तिथंही एकदाच टकटक करायची आणि थांबायचं. आतनं "हाय" असं ऐकू आलं की मगच दार उघडून तिळगूळ द्यायचा.

पोरं पुण्या-मुंबईला गेली, आता निम्म्या दारांवर अशी टकटक होते. माझ्याही होते. खरं सांगू? मी जागाच असतो, पण हाय म्हणायला जरा उशीर लावतो. तेवढाच वेळ दाराला कुणीतरी कान लावून उभं असतं.