मुंडावळ्यांचा तोटा

बरं का, लग्नाचं सामान ऑनलाइन विकणाऱ्या भाऊसाहेब गुजरांनी एकदा ठरवलं, तोट्यातले विभाग विकून टाकायचे! पहिलंच नाव निघालं मुंडावळ्यांचं. तो विभाग सांभाळणाऱ्या सुलभाताई तडक साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. मुंडावळ्या ओवणाऱ्या साऱ्या बाया घरी बसणार होत्या.

"साहेब, गिऱ्हाईक मुंडावळ्यांसाठी येतं, आणि जाताना शालू-फेटे घेऊन जातं."

"जो कमवत नाही, तो विकायचा!" भाऊसाहेब गरजले.

"बरं. पुढच्या आठवड्यात तुमच्या चिरंजीवांची वरात आहे. त्यात बँडवाला कमावतो, घोडेवाला कमावतो. एकटा नवरदेव दमडी कमवत नाही, उलट सगळा खर्च त्याच्यापायी. मग आधी त्यालाच विकायचं का?"

सारं ऑफिस खो खो हसलं. भाऊसाहेबांनाही हसू आवरेना.

"राहू द्या हो तुमचा विभाग! आणि वरातीला येताना मुंडावळ्यांची एक झकास जोडी आणा."