थोरल्याचं उष्टं

फार मागची नाही, ऊन साठवता येतं हे माणसांना नुकतंच उमगलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाकाकूंच्या कौलांवर सोलरचं पॅनेल होतं आणि त्याच्या तारेला, दारातल्या आकाशकंदिलात, पोटात बॅटरी असलेला छोटा दिवा. दिवा पॅनेलला दादा म्हणायचा. दिवाळीत तो दिवसाही जळायचा, दादावर.

"सूर्य तुलाच मांडीवर घेतो, दादा. माझ्या वाट्याला नुसती सावली."

"संध्याकाळ होऊ दे की, वेड्या," दादा हसायचा.

एका दुपारी कावळ्यानं हे ऐकलं. "संध्याकाळी तुला काय मिळतं रे? थोरल्याचं उष्टं!"

दिव्याच्या ते जिव्हारी लागलं. "मग घाल त्याच्या डोक्यात दगड!" तो बोलून गेला.

कावळ्यानं ओढ्यातला गोटा आणला आणि वरून सोडला. पॅनेलला आरपार तडा गेला.

दिवा हादरला. "दादा, मला तुझं उष्टं नको होतं, एवढंच रे."

"उष्टं कसलं?" दादाचा आवाज खोल गेला होता. "मी कधी जेवलोच नाही. आलं ते सगळं तुलाच धाडलं. आज सकाळपासूनचंही धाडलंय. आजची संध्याकाळ निघेल तुझी."

दादा पुन्हा बोलला नाही.

संध्याकाळी दिवा लागला. "काय सुरेख कंदील दिसतोय!" सगुणाकाकू म्हणाल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. दिवा कौलांकडे बघत होता. पोटातला उजेड त्याला जपून ठेवायचा होता, पण लागलेल्या दिव्याला तो राखता येत नाही.