कोपऱ्यातला आकडा

"...मग कार्डात दोष नाही, तर दोष आहे कुणात?" यशोधनने विचारलं.

इंदूबाई चौगुल्यांनी संगणकाचं झाकण परत लावलं आणि हात पुसले.

सांगलीच्या आयटीआयमध्ये बाईंनी तीस वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवलं. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान थाटलं. गेम खेळणारी पोरं कुठूनकुठून तिथं येत. यशोधन साळोखे मात्र दुरुस्तीला नव्हे, दाद मागायला आला होता. पडद्यासकट सगळं बिऱ्हाड रिक्षात घालून आणलं होतं त्यानं.

पाच जणांच्या संघाचा तो कप्तान. त्याच्या नेमबाजीला जिल्ह्यात तोड नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण खेळाची चित्रं काढणारं नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून सलग नऊ डाव हरला होता. उद्या दुपारी निवडीचा सामना. तोही गेला तर कप्तानकी जाणार, आणि कप्तानकी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"सगळी सेटिंगं मी लावलीत, बाई. सेकंदाला दोनशे चित्रं पडतात. जिल्ह्यात कुणाकडं नाहीत एवढी."

"खेळून दाखव."

घरी बसलेले चौघे साथीदार जोडले गेले. सराव म्हणून समोर उद्याचाच संघ होता. पडद्याच्या कोपऱ्यात चित्रांचा हिरवा आकडा नाचत होता, दोनशे, दोनशे पाच... दोन मिनिटांत यशोधन मेला. मागोमाग डावही गेला.

"मरायच्या आधी काय दिसलं?"

"आकडा घसरला. दोनशेवरून एकदम नव्वद."

"आणि मारणारा कुठं होता?"

यशोधनने पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"तो... दिसला नाही."

बाईंनी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. सावल्या कमी केल्या. गवत विरळ केलं. पाण्यातली प्रतिबिंबं बंद केली. शेवटी चित्रांना मर्यादा घातली, सेकंदाला एकशे वीस. तुझा पडदा एकशे चव्वेचाळीसच दाखवतो, त्याला दोनशे म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं त्या म्हणाल्या. शिवाय घडीत दोनशे, घडीत नव्वद अशा उड्यांपेक्षा एकसारखी चाल बरी.

यशोधनचा जीव तुटला. एवढं तालेवार कार्ड, आणि त्याच्या पायात बेडी.

"एकशे वीस? पोरं हसतील, बाई."

"बस."

तो बसला. डाव सुरू व्हायच्या आतच त्याची नजर तीनदा कोपऱ्यात जाऊन आली. बाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि आरशावर लावावी तशी पडद्यावर लावली. बरोबर आकड्यावर.

"अहो बाई... आकडा दिसल्याशिवाय कळणार कसं?"

बाईंनी नुसतं माउसकडं बोट दाखवलं.

सुरुवातीला त्याची नजर टिकलीवर आपटून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. त्याला भयंकर चिडचिड झाली. मग नाइलाजानं तो समोर बघू लागला. विरळ गवतात एक खांदा हलला. भिंतीआडून बंदुकीचं टोक डोकावलं. दोघांनाही त्यानं टिपलं. जिना, गच्ची, मागचं दार... हात आपोआप चालू लागला. तो मध्ये उठून पाणीसुद्धा प्याला नाही.

समोरचे पाचही आडवे झाले. दहा डावांनंतर पहिल्यांदा.

साथीदारांचा कानात नुसता गलका. यशोधन उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. फार बरं वाटत होतं त्याला, आणि ते लपवायचं भानही नव्हतं. उद्या कप्तान म्हणूनच पेढे घेऊन येतो, असं त्यानं ठणकावून सांगितलं. बाईंच्या पाया पडला. वायरी गुंडाळायला घेतल्या.

पण गुंडाळता गुंडाळता त्याचा हात थांबला.

"बाई, एक विचारू? सेटिंगं तुमची, म्हणजे तुम्हाला अंदाज असणार... आत्ता चित्रं पडत किती होती?"

"मला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "मी खेळ बघत होते."