हुकमावर सही कुणाची?

सोनगिरी म्हणजे चार गावांचं संस्थान. सोयरिकी सगळ्या बाहेरच्याच. तिथं दहा वर्षांनी शिरगणती झाली आणि बाहेर जन्मलेली माणसं मागच्या वेळेच्या दुप्पट निघाली. दिवाण दाजीसाहेब भडकले. "बाहेर जन्मला तो परका! विणकर सगळे बाहेरून आलेले; त्यांची आळी आठ दिवसांत रिकामी करा," असा हुकूम लिहून त्यांनी तो महाराजांपुढे सहीला ठेवला.

आळीतली सुईण गजराआई दरबारात आली. चाळीस घरांच्या चुली विझणार होत्या, तिचीही. तरी ती शांतपणे म्हणाली, "हुकूम सगळ्यांना सारखा लावा, सरकार. सुना तर साऱ्याच बाहेरच्या."

"बायकांचं सोड," दिवाण गुरकावले. "पुरुषांचं बोल!"

"बरं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे घरोघरचे थोरले आजोळी जन्मलेले, तेही निघाले. दिवाणसाहेब, तुम्ही थोरलेच ना?"

दिवाण उगाच पागोटं सारखं करू लागले. महाराजांना हसू आवरेना. "अगं आई, गादीवरही थोरलाच बसतो. आमचाही जन्म आजोळचाच!"

"तेच विचारायला आले, सरकार," गजराआईनं हात जोडले. "मग या हुकमावर सही कुणाची घ्यायची?"

महाराजांनी लेखणी खाली ठेवली. आळीतले माग दुसऱ्या दिवशीही खडखडत होते.