दहा फटके

"मग मी खेळले कशाला, मास्तर?"

अब्बास मुजावर मास्तरांनी काठी बाजूला ठेवली. मिरजेच्या जिमखान्याच्या पायरीवर ते नेहमीसारखे बसले होते. काचबिंदूनं नजर नेली त्याला सहा वर्षं झाली. तरी रोज सकाळी येत आणि चेंडूच्या आवाजावरून शिकवत.

यामिनी सरंजामेला टेनिसची रॅकेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढं ती सोळा वर्षं देशोदेशी खेळली. देशात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. बाहेरच्या मोठ्या स्पर्धांत मात्र दुसरी फेरी कधी ओलांडता आली नाही. गुडघ्याचं तिसरं ऑपरेशन झालं आणि चौतिसाव्या वर्षी तिनं निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर आठ महिने रॅकेटला हात लावला नव्हता.

"शेवटच्या सामन्यात समोर एकोणीस वर्षांची पोर होती," ती म्हणाली. "हात मिळवताना तिनं माझं नावसुद्धा चुकीचं घेतलं... आता कोर्ट बघवत नाही मला."

"मग आलीस कशाला?"

"तुम्हाला भेटायला."

"मी तर कोर्टावरच असतो..."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली.

पलीकडं कुंभोजकर बाई भिंतीवर चेंडू मारत होत्या. टपाल कचेरीत नोकरी, वय बावन्न. तीन महिन्यांपूर्वी हौसेनं शिकायला आल्या होत्या.

"बाईंबरोबर जरा खेळ. दहा फटके. मधे खेळ तुटायचा नाही. मी मोजतो."

"दहा?" यामिनीला हसू आलं. तिनं जिमखान्याची एक जुनी रॅकेट उचलली.

पहिला चेंडू तिनं अगदी हळू मारला... निदान तिला तसं वाटलं. बाईंनी रॅकेट उचलेपर्यंत तो मागच्या जाळीवर आदळला.

"शून्य," मास्तर म्हणाले.

दुसरा बाईंच्या पुढ्यात मेला. तिसरा बाईंनी कसाबसा परतवला. पण यामिनीचा हात सवयीनं मोकळ्या कोपऱ्याकडं गेला. समोरची बाई जिथं नाही, तिथंच मारायला तो शिकला होता.

"मास्तर, बाईंना जमत नाहीये."

"बाईंचं मी विचारलंच नाही."

यामिनीचे कान तापले.

मग तिनं बाईंच्या पायांकडं पाहिलं. उजवा पाय उशिरा उचलला जात होता. चेंडू कमरेइतका उसळला, तरच फटका बसत होता. तिनं नेमका तिथं चेंडू दिला.

परत आला.

पुन्हा दिला. बाईंचे फटके भलतीकडं जात. यामिनी लंगडत धावे आणि तिथून पुन्हा बाईंच्या हातात चेंडू आणून ठेवी.

"चार... सात... दहा..."

कुणीच थांबलं नाही.

"एकोणीस..."

विसाव्याला बाईंनी डोळे मिटून दणका दिला. चेंडू यामिनीच्या रॅकेटखालून निसटला, रेषेच्या आत पडला आणि मागं निघून गेला.

"अगंबाई! हा मी मारला?" बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले.

यामिनी गुडघ्यांवर हात ठेवून हसत सुटली. किती महिन्यांनी, तिचं तिलाच आठवेना.

"उद्या याल ना हो?" बाईंनी विचारलं.

"येते. सहाला तयार राहा."

पायरीवरून आवाज आला, "पॉइंट कुणाचा?"

"बाईंचा, मास्तर! स्वच्छ हरले."

मास्तर काठी चाचपत उठले.

"नाही पोरी... तो तुझा."