अकरा अर्धवट घरटी

त्या राज्यात पाखरांची पोरं शिकत होती, पण शिकायला घर नव्हतं. नदीकाठच्या थोरल्या उंबरावर विद्यापीठ भरायचं. उघड्या फांद्यांवर पिलं ओळीनं बसायची, गुरुजी वरच्या फांदीवरून शिकवायचे, आणि दर उन्हाळ्यात वावटळ आली की दोन-चार पिलं खाली जायची. हजेरीतून त्यांची नावं खोडली जायची आणि पाठ पुढं चालू व्हायचा.

त्या साली मुनियाची नात गेली. मुनिया म्हणजे चिमणीहून बारकं पाखरू, पण गवताच्या बियांची तिच्याइतकी पारख कुणाला नव्हती, म्हणून ती पंचांत बसायची. नात गेली, नातू राहिला. ठिपका त्याचं नाव. एरवी बैठकीत मान खाली घालून बसणारी मुनिया त्या दिवशी मोठ्यानं बोलली, "एक घर बांधा. माझा ठिपका तरी राहू दे."

नाही कोण म्हणणार? घर बांधायचं ठरलं. कुणाकडून बांधून घ्यायचं, ते ठरवायला पंच बसले.

पंचांत मुख्य चंडोल. तो उंच आभाळात जाऊन गायचा आणि जन्मही तिथंच झाल्यासारखा सगळ्यांकडे वरून बघायचा. दप्तर शिंपी पक्ष्याकडे होतं, पानाला पान शिवून तो ते जपायचा. काम देण्याचा त्यांचा एक नियम होता, पणज्यांच्या वेळचा. ज्याचं एकही काम अर्धवट राहिलेलं नाही, त्यालाच नवं काम. नियम दिसायला चोख होता. आजवर त्यात कुणी खोट काढली नव्हती.

काम मागायला दोघं आले. पहिला सुगरण पक्षी. अंगावर पिवळा रंग, चोचीत गवताची पाती तशीच, कामावरून उठून आलेला.

"तुझं काम बघायचं कुठं?" चंडोलानं विचारलं.

"विहिरीवरच्या बाभळीला, पंडितजी. केव्हाही या."

पंच तेव्हाच जाऊन बघून आले. बाभळीला घरटी लोंबत होती. शिंप्यानं मोजली. पुरी सहा, अर्धवट अकरा.

"अरे, अकरा ठिकाणी काम टाकून पळालास?"

"पळालो नाही. अर्धं विणून झालं की मी घरधनिणीला बोलावतो. ती आत बसते, झोके घेते, काड्या ओढून बघते. तिला ढिलं वाटलं तर ते तिथंच सोडायचं आणि दुसरं धरायचं. पिलं तिला ठेवायची असतात. तिला नको पटायला?"

"म्हणजे घरच्या बाईनंच नापास केलेली कामं," शिंपी म्हणाला, "आणि हा बाबा ती टांगून ठेवतो! आल्यागेल्यानं बघावीत म्हणून!"

पंच इतके हसले, की फांदी हलून पिकली उंबरं खाली पडली. सुगरण पक्षीही कसनुसं हसला. मुनिया तेवढी हसली नाही.

कारण ती तसल्याच एका अर्धवट घरट्यात जन्मली होती. तिच्या आईनं ते पाहिलं, चार काड्या आपल्या घातल्या आणि त्यात अंडी उबवली. दोन उन्हाळ्यांच्या वावटळी त्या घरट्यावरून गेल्या आणि आतलं एक पीससुद्धा हललं नाही. सुगरण पक्ष्यांचं टाकाऊ काम एवढं भक्कम, तर चांगलं काम कसं असेल, हे सांगायला तिनं चोच उघडलीही. पण ते सांगायचं तर दुसरंही सांगावं लागलं असतं. आमच्याकडं स्वतःचं घर नव्हतं, आम्ही लोकांच्या टाकून दिलेल्यात वाढलो. तिनं पंचांची चकचकीत पिसं पाहिली आणि चोच मिटली.

दुसरा आला कोकीळ. त्याच्या "नमस्कार"लाही सूर होता.

"अर्धवट राहिलेलं काम?"

"एकही नाही, पंडितजी. दप्तर बघा."

शिंप्यानं सगळी पानं उलटली. खरंच एकही नव्हतं. पुरं झालेलं काम किती, हे कुणी विचारलं नाही. नियमात ते नव्हतं. कोकीळ एक तान घेऊन थांबला आणि पंचांनी एकेक करून पानावर संमतीची नखं उमटवली. मुनियाचं नख सगळ्यांत बारीक उमटलं.

कोकीळ तिथून थेट कावळ्याकडं गेला. "काकराव, उंबरावर झकास बेचकं मोकळं आहे. तुमच्या चार पोरांना घर बांधा. जागेचं मी बघतो." कावळ्यानं इमानानं काटक्या आणल्या आणि चार पोरांपुरतं भक्कम घर बांधलं. घर झाल्यावर कोकीळ म्हणाला, "आता जरा बाजूला व्हा, समारंभ आहे." त्या चौघांच्या घरात साठ पिलं बसवली. चंडोलानं आभाळातून मंगलगीत म्हटलं. मुनियानं ठिपक्याला मधोमध जागा मिळवून दिली. पंचाचा नातू होता, मिळाली.

तेराव्या दिवशी वावटळ आली. घर बेचक्यातून निघालं आणि पिलांसकट दगडावर आलं.

ठिपका वाचला. त्याचा उजवा पंख मात्र खांद्यापासून मोडला. मुनिया त्याला दाणा भरवत होती तेव्हा तो म्हणाला, "आजी, घर चांगलंच होतं, हो ना? तू होतीस ना पंचांत. वाराच वाईट होता." मुनियाच्या चोचीतला दाणा खाली पडला. तो उचलायच्या निमित्तानं ती बराच वेळ वाकून राहिली.

पंच पुन्हा बसले. कोकीळ हजर. "पडलं ते कावळ्याच्या हातचं," तो म्हणाला. "माझं काय पडलं, काय अर्धवट राहिलं?" शिंप्यानं दप्तर पाहिलं. कोकिळाचं पान कोरं करकरीत.

तेव्हा मुनिया उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. अर्धवट घरटं, दोन वावटळी, आई, आणि आपण त्या दिवशी का गप्प बसलो तेही. बोलताना तिची मान वर होत नव्हती.

"हे दप्तरात घेऊ नका," चंडोल म्हणाला. "बाईंच्या घरात दुःख झालंय. काहीही तोंडातून जातं. आणि टाकलेल्या घरट्यातली मंडळी पंचांत बसवायची, हे लोकांना कळलं तर?"

नवं काम कोकिळालाच गेलं. मुनियाला पंचांतून मोकळं केलं.

भर दुपारी ती विहिरीच्या काठावर एकटीच बसली होती. वरून चंडोल उतरला. आधी त्यानं चारी दिशांना पाहिलं, मग दगडाच्या सावलीत तिच्याशेजारी बसला.

"मुनियाबाई, तुमचं घरटं कुठल्या फांदीचं?"

"विहिरीकडची. खालून तिसरी."

"आमचं खाली पडलेलं होतं. आईनं जमिनीवरच..." त्यानं पुन्हा मागं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "आत डाव्या अंगाला चिखलाचा गोळा लावलेला असतो बघा. वाऱ्यात घरटं हलकं पडू नये म्हणून. गार असायचा. मी त्याला गाल लावून झोपायचो."

मुनियानं बैठकीत त्या गोळ्याचं नावही काढलं नव्हतं.

ती काही विचारणार, तोच झुडपात पान वाजलं. चंडोल दचकला, पिसं सारखी करून आभाळात चढला आणि मोठमोठ्यानं गाऊ लागला. झुडपातून शिंपी बाहेर आला. त्यानंही आधी इकडंतिकडं पाहिलं आणि मगच मुनियाच्या शेजारी उतरला.