होडीने पाणी प्यायलं

होड्या बोलायच्या त्या काळातली गोष्ट. मासेमारीची एक जुनी होडी वाळूवर पडून होती. शेजारचा गंजका नांगर तिला रोज बजावायचा, "पोरी, पाण्यात जाऊ नकोस, बुडशील." उन्हाने तिच्या फळ्या आकसल्या, फटी पडल्या. म्हातारा नांगर आपल्या या बजावण्याला माया म्हणायचा.

मग मंजुळा कोळीण आली. पोरांना समुद्रात फिरवायचं म्हणून तिने मासळीचा कप्पा काढून बाकं बसवली, फटींत कापूस ठासला आणि होडी खाडीत ढकलली. होडी भसाभसा भरली.

"सांगितलं होतं," नांगर म्हणाला. "आता चुलीत जाशील."

"काढ गो बाहेर, सरपण तरी होईल," मंजुळाचा सासरा ओरडला.

"राहू द्या, मामंजी. लाकडाला पाणी पिऊ द्या."

भरत्या आल्या, गेल्या. बुडालेल्या होडीच्या फळ्या फुगल्या आणि एकमेकींना घट्ट भिडल्या. मंजुळाने पाणी उपसलं. पुन्हा थेंब आत आला नाही. बुडवणाऱ्या पाण्यानेच तिला शिवलं होतं.

पोरं बाकांवर बसली. निघताना होडी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पाण्यात फक्त बुडता येतं. तेच मला शिकवत बसलात."

खाडीचं तोंड ओलांडल्यावर पोरं पुढे झुकली. होडीही. समोर काठच नव्हता.